वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे केंद्र सरकार कसे उभे राहिले?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरील लेखानंतर त्यापुढच्या काळाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. युद्ध जिंकल्यावर तेरा राज्यांचे मिळून एक सरकार कसे स्थापन झाले, हा त्या पत्रांचा मुख्य रोख होता. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेने १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले १७८९ मध्ये. मधली तेरा वर्षे देशाचा कारभार कोण पाहत होते?

उत्तर : कारभार काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, पाहत होती, आज ज्याला आपण राष्ट्राध्यक्ष म्हणतो ते पदच अस्तित्वात नव्हते. सैन्य उभारणे, फ्रान्सशी तह करणे, युद्धासाठी कर्ज काढणे ही सर्व कामे या काँग्रेसनेच केली. पण तिचे अधिकार कागदावर ठरलेले नव्हते. ते ठरवणारा ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा करारनामा काँग्रेसने नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत केला, आणि तेराही राज्यांची मंजुरी मिळून तो अमलात यायला १ मार्च १७८१ उजाडला. सर्वांत शेवटी आले ते मेरीलँड. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये पश्चिमेकडील अफाट जमिनींवरचा हक्क सोडत नाहीत तोवर मान्यता द्यायची नाही, असा त्या राज्याचा आग्रह होता.

या करारनाम्याने तेरा राज्यांची मैत्री बांधली, सरकार मात्र उभे केले नाही. काँग्रेसमध्ये राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाला एकच मत होते. महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयाला नऊ राज्यांची संमती लागे आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची. काँग्रेसला अध्यक्ष असे, पण तो सभेचे कामकाज चालवणारा सभापती होता, देशाचा कार्यकारी प्रमुख नव्हे. राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती. सर्वांत घातक उणीव म्हणजे काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. खर्चाचा अंदाज बांधून प्रत्येक राज्याकडे त्याच्या वाट्याची रक्कम मागायची आणि राज्याने ती आपल्या नागरिकांकडून वसूल करून पाठवावी अशी वाट पाहायची, एवढेच तिच्या हाती होते. राज्यांकडून त्या मागणीचा थोडाच भाग येई, तोही उशिरा.

यातून काय होत असे याची दोन उदाहरणे देण्याजोगी आहेत. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी चिडलेल्या सुमारे चारशे सैनिकांनी फिलाडेल्फियातील स्टेट हाऊसला वेढा घातला. आत काँग्रेसचे सदस्य बसलेले होते. त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या शासनाकडे नागरी सेना मागितली. ती पाठवण्यास शासन तयार झाले नाही, आणि ब्रिटनचा पराभव करणाऱ्या देशाच्या सर्वोच्च सभेला स्वतःच्या सैनिकांपासून दूर जाण्यासाठी प्रिन्स्टन गाठावे लागले. राजधानीचा प्रदेश कोणत्याही राज्याच्या नव्हे तर खुद्द काँग्रेसच्या अखत्यारीत असावा, ही तरतूद पुढे राज्यघटनेत आली, तिच्यामागे हा अनुभव होता. दुसरे उदाहरण त्याच वर्षाच्या अखेरचे. ब्रिटनबरोबर ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये तहावर सह्या झाल्या आणि मंजुरीचे कागद सहा महिन्यांत पोहोचवायचे होते. मंजुरीला नऊ राज्ये हवीत, आणि काँग्रेस ज्या अनापोलिस गावी भरली होती तेथे जानेवारी उजाडला तरी सात राज्यांचेच प्रतिनिधी आलेले. अखेर उरलेली माणसे हिवाळ्यातल्या वाटा तुडवत आली, त्यांत दक्षिण कॅरोलिनाचे रिचर्ड बेरेसफर्ड आजारी अंथरुणावरून उठून आले, तेव्हा १४ जानेवारी १७८४ रोजी तह मंजूर झाला. स्वतःच्या स्वातंत्र्याच्या मान्यतेचा कागदही गणपूर्तीअभावी अडून राहावा, इतकी ही व्यवस्था अशक्त होती.

उपाय सर्वांना दिसत होता. परदेशी मालावर पाच टक्के आयात शुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला द्यावा, असा प्रस्ताव १७८१ मध्ये पुढे आला. तो एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने पडला. १७८३ मध्ये तोच प्रस्ताव सुधारून पुन्हा मांडला, त्या वेळी न्यूयॉर्कने आडकाठी केली, कारण आपल्या बंदरातून मिळणारे उत्पन्न त्या राज्याला सोडवेना. ब्रिटनने वायव्येकडील डेट्रॉइट, नायगारा येथील किल्ले सोडले नाहीत, स्पेनने मिसिसिपी नदीतून होणारी अमेरिकनांची वाहतूक बंद केली, आणि या दोन्ही बाबतींत काँग्रेसला काही करता आले नाही.

या काळातील काँग्रेसच्या पदरात एक मोठे श्रेय मात्र टाकायलाच हवे. जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली आणि तेथे पुढे होणारी राज्ये जुन्या राज्यांच्या बरोबरीच्या दर्जाची असतील असे ठरवून दिले. हा कायदा झाला नसता, तर पश्चिमेकडे वाढत गेलेली अमेरिका जुन्या तेरा राज्यांची वसाहत होऊन बसली असती असे मला वाटते.

प्रश्न : वॉशिंग्टन यांना राजा होण्याची विनंती करण्यात आली होती, हे खरे आहे का?

उत्तर : कर्नल लुईस निकोला या अधिकाऱ्याने मे १७८२ मध्ये त्यांना पत्र लिहून तशी सूचना केली होती, एवढे खरे. काँग्रेसने किंवा सैन्याने अधिकृतपणे असे काही कधी सुचवले नव्हते. वॉशिंग्टन यांनी निकोला यांना त्याच महिन्यात अतिशय कठोर शब्दांत नकार कळवला आणि युद्ध संपताच, २३ डिसेंबर १७८३ रोजी, अनापोलिस येथे काँग्रेससमोर उभे राहून सेनापतिपदाचा राजीनामा दिला. राजा होण्यास नकार देण्यापेक्षा विजयी सैन्याच्या प्रमुखाने एका दुबळ्या सभेपुढे आपले अधिकार परत करावेत, ही घटना मला अधिक मोलाची वाटते.

प्रश्न : फिलाडेल्फियाच्या परिषदेला जुना करारनामा दुरुस्त करण्याचेच काम दिले होते, तरी तिने नवी राज्यघटना लिहिली. हे बेकायदा नव्हते का? आणि सर्व राज्यांनी ते मान्य कसे केले?

उत्तर : प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. काँग्रेसच्या २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावात परिषदेचा एकमेव हेतू करारनाम्याची दुरुस्ती हा सांगितला होता, आणि करारनाम्यातील दुरुस्तीला तेराही विधिमंडळांची मान्यता आवश्यक होती. परिषदेने दोन्ही बंधने ओलांडली. तिने संपूर्ण नवा आराखडा तयार केला, तो विधिमंडळांपुढे न ठेवता खास त्यासाठी निवडलेल्या राज्य परिषदांपुढे ठेवण्याचे ठरवले आणि नऊ राज्यांनी मान्य केल्यास त्या नऊंपुरती घटना अमलात येईल अशी तरतूद केली. जुन्या करारनाम्याच्या दृष्टीने पाहिले तर हे नियमबाह्यच होते, आणि विरोधकांनी ते तेव्हाच स्पष्ट बोलून दाखवले. परिषदेतील व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांचे उत्तर असे, की परिषदेचा मसुदा म्हणजे केवळ शिफारस होती आणि ज्या जनतेकडून सगळी सत्ता येते तिने तो स्वीकारला की कार्यपद्धतीचा दोष उरत नाही.

मात्र ही मंडळी इतक्या पुढे का गेली, हे समजून घेतल्याशिवाय नुसत्या कायदेशीरपणाची चर्चा अपुरी राहते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८६ च्या उत्तरार्धात कर्ज आणि करांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या लोकांनी स्प्रिंगफील्ड येथील काँग्रेसच्या शस्त्रागारावर चाल केली. शस्त्रागार काँग्रेसचे, पण ते राखायला तिच्याकडे पैसा नाही. बंड मोडणाऱ्या सैन्याचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून भागवावा लागला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ मे रोजी, फिलाडेल्फियात परिषदेचे काम सुरू झाले. एकूण ५५ प्रतिनिधी आले, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही, आणि अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन होते. चर्चा बंद दारांआड चालली.

या परिषदेतील लहान आणि मोठ्या राज्यांचा झगडा सर्वांना ठाऊक असतो. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत, ही तडजोड १६ जुलै रोजी पाच विरुद्ध चार अशा एका मताच्या फरकाने संमत झाली. परंतु माझ्या मते त्याहून निर्णायक वळण ३१ मे रोजीच आले होते आणि त्याची दखल फार थोडे लोक घेतात. व्हर्जिनियाने मांडलेल्या आराखड्यात, कर्तव्य न बजावणाऱ्या राज्याविरुद्ध केंद्राने बळ वापरावे असे एक कलम होते. ते चर्चेला येताच मॅडिसन यांनीच ते बाजूला ठेवण्याची विनंती केली. एखाद्या राज्यावर सैन्य पाठवणे ही शिक्षा ठरणार नाही, ते युद्धच ठरेल, आणि त्या राज्याला सगळे करार मोडल्यासारखे वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. मग कायदा पाळला जायचा कसा? केंद्राचा कायदा राज्याला उद्देशून नव्हे तर थेट माणसाला उद्देशून असावा. कर त्याच्याकडून घ्यावा, खटला त्याच्यावर चालवावा, आणि त्यासाठी केंद्राचे स्वतःचे अधिकारी व न्यायाधीश असावेत. जुना करारनामा आणि नवी घटना यांतला खरा फरक येथे आहे. दोन सभागृहे, राष्ट्राध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय ही सगळी रचना त्यातून पुढे आली. आणि म्हणूनच ही केवळ दुरुस्ती राहू शकत नव्हती.

घटनेवर १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांच्या सह्या झाल्या. हजर असूनही एडमंड रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी यांनी सही केली नाही.

सर्व राज्यांनी ती एकदिलाने मान्य केली असे समजू नये. काँग्रेसने २८ सप्टेंबरला ती बरीवाईट शिफारस न करता राज्यांकडे पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात जे घडले ते घटनेच्या समर्थकांना भूषणावह नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत मंजुरी परिषद बोलावण्याचा ठराव घाईने उरकायचा होता. तो रोखण्यासाठी विरोधी सभासद सभागृहात आलेच नाहीत आणि गणपूर्तीला दोन माणसे कमी पडली. तेव्हा जमावाने जेम्स मॅककॅलमंट आणि जेकब मायली या दोन सभासदांना त्यांच्या मुक्कामाच्या जागेवरून ओढत आणून सभागृहात बसवले. मॅककॅलमंट यांनी सभापतींकडे तक्रार केली, बाहेर जाण्याची परवानगी मागितली; ती नाकारण्यात आली, गणपूर्ती झाल्याचे मानले गेले आणि ठराव संमत झाला.

याउलट मॅसॅच्युसेट्समध्ये विरोधकांचे ऐकून घेतले गेले. नागरिकांच्या हक्कांची हमी घटनेत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. घटना आता मान्य करावी आणि दुरुस्त्यांची शिफारस सोबत जोडावी असा मार्ग निघाला, तेव्हा फेब्रुवारी १७८८ मध्ये १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजुरी मिळाली. पुढच्या बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली. नववे राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. चारच दिवसांनी व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९ आणि महिन्याभराने न्यूयॉर्कने ३० विरुद्ध २७ मतांनी होकार दिला. या दोन राज्यांवाचून संघराज्य नावापुरतेच राहिले असते. हक्कांविषयीचे वचन पहिल्या काँग्रेसने पाळले. मॅडिसन यांनी पुढाकार घेतला आणि हक्कांच्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी घटनेचा भाग झाल्या.

ऱ्होड आयलंड मात्र बाहेरच राहिले. नवे सरकार सुरू होऊन वर्ष लोटले तरी ते राज्य जकातीच्या कायद्याच्या दृष्टीने परदेश होते. अखेर मे १७९० मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार बंद करण्याचे विधेयक संमत केले, प्रॉव्हिडन्स शहराने राज्यापासून फुटून निघण्याची भाषा सुरू केली, तेव्हा २९ मे रोजी ३४ विरुद्ध ३२ अशा दोन मतांच्या फरकाने तेरावे राज्य आत आले.

प्रश्न : स्वातंत्र्य आणि समता यांची भाषा बोलणाऱ्या या लोकांनी गुलामगिरी कशी चालू दिली?

उत्तर : जाणूनबुजून चालू दिली. परिषदेत कोणी बोललेच नाही असे नाही. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिस यांनी (गव्हर्नर हे त्यांचे नाव होते, पद नव्हे) गुलामगिरीचा कडक शब्दांत निषेध केला, आणि स्वतः अनेक गुलामांचे मालक असलेल्या जॉर्ज मेसन यांनी गुलामांच्या व्यापारावर टीका केली. पण दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांनी संघराज्यात न येण्याची धमकी दिली, आणि उत्तरेच्या व्यापारी राज्यांनी आपला स्वार्थ पाहून सौदा केला : १८०८ पर्यंत गुलामांची आयात थांबवायची नाही, आणि त्या बदल्यात व्यापारविषयक कायदे साध्या बहुमताने व्हावेत. प्रतिनिधिगृहातील जागा मोजताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरावी, या कलमामुळे मतदानाचा अधिकार नसलेल्या माणसांच्या बळावर त्यांच्या मालकांचे राजकीय वजन वाढले. १७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली आणि त्यांत जवळपास सात लाख माणसे गुलाम होती.

केंद्राचा हात थेट माणसापर्यंत पोहोचला असे वर म्हटले, तो हात कोणत्या माणसापर्यंत कशासाठी पोहोचला हेही पाहिले पाहिजे. पळून गेलेल्या गुलामांना परत मिळवण्याचा कायदा वॉशिंग्टन यांच्या सहीने १७९३ मध्ये झाला. मे १७९६ मध्ये त्यांच्याच फिलाडेल्फियातील निवासस्थानातून ओना जज ही तरुण गुलाम स्त्री निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे पोहोचली. तिला परत आणण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी अर्थमंत्र्यांमार्फत तेथील जकात अधिकाऱ्याला कामाला लावले. त्या अधिकाऱ्याने तिची भेट घेतली, तिचे म्हणणे ऐकले आणि बळजबरी करण्यास नकार दिला. ओना जज न्यू हॅम्पशायरमध्येच राहिली आणि १८४८ मध्ये तेथेच वारली; कायद्याच्या लेखी ती शेवटपर्यंत मुक्त झाली नव्हती.

प्रश्न : घटना कागदावर आली, पण सरकार प्रत्यक्षात सुरू कसे झाले? पैसा, कर्मचारी, न्यायाधीश कोठून आले?

उत्तर : सुरुवात अडखळतच झाली. न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये नव्या काँग्रेसची पहिली बैठक ४ मार्च १७८९ रोजी ठरली होती. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या ५९ पैकी १३ आणि सिनेटच्या २२ पैकी ८ सदस्य हजर होते. दोन्ही सभागृहांची गणपूर्ती व्हायला ६ एप्रिल उजाडला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठीची मते मोजली गेली आणि मत देणाऱ्या सर्व ६९ निर्वाचकांनी (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांकडून नेमलेल्या मतदारांनी) वॉशिंग्टन यांना निवडल्याचे दिसले. ३० एप्रिलला त्याच इमारतीच्या सज्जात न्यूयॉर्क राज्याचे न्यायाधिकारी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी त्यांना शपथ दिली, कारण शपथ द्यायला केंद्राचा न्यायाधीश अजून नेमलेलाच नव्हता.

पैशाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात हाती घेतला गेला. मॅडिसन यांनी ८ एप्रिलला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्याही आधी, आयात शुल्काचा प्रस्ताव मांडला आणि ४ जुलैला त्याचा कायदा झाला. बंदरोबंदरी केंद्राचे जकात अधिकारी नेमले गेले आणि ते जहाजावरील मालाचे शुल्क थेट व्यापाऱ्याकडून घेऊ लागले. १७९१ अखेरपर्यंत केंद्राच्या तिजोरीत सुमारे ४४ लाख डॉलर जमा झाले आणि ते जवळजवळ सगळे जकातीचे होते. परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती त्याच उन्हाळ्यात निघाली. सप्टेंबरच्या न्यायव्यवस्था कायद्याने सहा न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आणि त्याखाली १३ जिल्हा न्यायालये स्थापन झाली. जॉन जे सरन्यायाधीश झाले. घटनेवर सही नाकारणारे एडमंड रँडॉल्फ महान्यायवादी म्हणून नेमले गेले, ही निवड वॉशिंग्टन यांच्या शहाणपणाची साक्ष आहे.

घटनेतील मोघम शब्दांचा अर्थ मात्र रोजच्या व्यवहारातच ठरायचा होता. तह करताना राष्ट्राध्यक्षांनी सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यावी असे घटना सांगते. ते अक्षरशः घेऊन वॉशिंग्टन २२ ऑगस्ट १७८९ रोजी दक्षिणेकडील मूलनिवासी राष्ट्रांशी करायच्या तहाविषयी सल्ला घेण्यासाठी युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांच्यासह स्वतः सिनेटमध्ये गेले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स कागद वाचू लागले, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या खडखडाटात सदस्यांना काही ऐकू येईना. खिडक्या लावल्या, वाचन पुन्हा झाले. तरी राष्ट्राध्यक्षांच्या समोर बसून मत देण्याचा संकोच जाईना आणि कागद समितीकडे सोपवावेत अशी सूचना आली. आपण ज्यासाठी आलो तो हेतूच यामुळे विफल होतो, असे वॉशिंग्टन संतापून म्हणाल्याची नोंद सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी आपल्या रोजनिशीत केली आहे. दोन दिवसांनी ते पुन्हा आले, काम पूर्ण झाले; पण त्यानंतर तहाचा सल्ला घ्यायला ते कधी सिनेटमध्ये गेले नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी आधी वाटाघाटी कराव्यात आणि सिनेटने नंतर संमतीचा निर्णय घ्यावा, ही रीत तेथून रूढ होत गेली.

राहिला कर्जाचा प्रश्न. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसला अहवाल दिला. केंद्राचे सुमारे ५.४ कोटी डॉलरचे कर्ज पूर्णपणे फेडण्याची हमी द्यावी आणि राज्यांची युद्धकर्जेही केंद्राने आपल्या अंगावर घ्यावीत, असे त्यात सुचवले होते. आपले बरेचसे कर्ज आधीच फेडलेल्या व्हर्जिनियाला दुसरी अट अन्यायाची वाटली आणि काँग्रेसमध्ये कोंडी झाली. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांच्या न्यूयॉर्कमधील घरी जून महिन्यात एका जेवणाच्या वेळी हॅमिल्टन आणि मॅडिसन यांनी ती सोडवली : मॅडिसन यांनी विरोधाची धार कमी करायची आणि राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात राहून नंतर दक्षिणेला पोटोमॅक नदीकाठी जायची. त्याप्रमाणे जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन्ही कायदे झाले व राज्यांच्या कर्जापैकी २.१५ कोटी डॉलरपर्यंतची जबाबदारी केंद्राने घेतली. राज्यांना कर्ज दिलेले सावकार आता त्यांच्या पैशासाठी केंद्राकडे पाहू लागले, आणि हॅमिल्टन यांना नेमके हेच हवे होते.

या योजनेने देशाची पत सावरली हे निर्विवाद आहे. पण तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. युद्धात पगाराऐवजी मिळालेले कर्जरोखे हजारो सैनिकांनी गरजेपोटी पडत्या भावात विकून टाकले होते आणि ते सट्टेबाजांनी गोळा केले होते. परतफेडीत मूळ धारकांनाही वाटा मिळावा, असा प्रस्ताव मॅडिसन यांनी फेब्रुवारी १७९० मध्ये प्रतिनिधिगृहात मांडला. मूळ धारक शोधून काढणे अशक्य आहे आणि रोखा ज्याच्या हाती त्याचाच हक्क मानला नाही तर सरकारी कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा युक्तिवाद विरोधकांनी केला. त्यात व्यवहाराच्या दृष्टीने तथ्य होते, तरीही अनेक सदस्यांकडे स्वतःच असे रोखे होते हे विसरता येत नाही. प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला आणि रोख्यांची पूर्ण किंमत ते ज्यांच्या हाती होते त्यांनाच मिळाली.